हडळीचे पाय सुलटे केले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करून, लहान मुलांच्या हाती पडो नये ऐसे वर्तमान लिहिले जाते. शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सर, चैत्रमास, दोन प्रहर. घर चिडीचूप आणि तान्हे नुकतेच निजलेले, तो फडताळातून पोह्यांच्या डब्याचे झाकण खणकन पडिले. म्हाळसाबाईंची सात वर्षांची अंबू तेथे चढली होती, डब्यात दडविलेली हडळीची चित्रकथा काढावयास. चित्रे बाईंच्याच हातची. तान्हे निजे तितकाच वेळ कुंचला चाले, आणि ऐसे सहा महिने गेले. परंतु राज्यात हुकूम फिरला होता, की चित्रातील भुतांनी पोरे बिघडतात, सबब शिक्का नसेल ती वही चावडीपुढे जाळावी. मग झडतीस दाराशी आलेले शीलरक्षक दादो नरसिंह हा खणखणाट ऐकून आत येते जाहले.

"पोह्यांत काय दडवलंय, बाई?"

"पोहेच, पंत. थोडी हडळ मिसळलीय."

पंतांनी चष्मा चढविला आणि वही उघडिली, आणि तिसऱ्या पानाशी दचकून अंबूचाच खांदा धरिला, आणि मग सावरून फर्माविते जाहले, "हे दात पुसा. केस विंचरून वेणी घाला. तो लबाड हवालदारही पुसा, सरकारचा माणूस चित्रात वाईट दिसता कामा नये. आणि हे पाय उलटे कशाला? सुलटे करा!"

"पाय तेवढे राहू द्या हो. ते बघूनच तर गोष्टीतली पोर हडळ ओळखते नि जीव वाचवते."

"मग जाळू का?"

 बाईंनी पांढरा रंग कालविला, आणि दात पुसले, आणि हवालदार पुसला, आणि वेणी घातली, आणि तान्ह्याला न्हाऊ घालावे तैशा हलक्या हाताने हडळीचे पाय सुलटे केले. मग शिक्का उमटला, आणि वही जळण्यातून सुटली, आणि पंत चहा प्राशन करून संतोषे निघाले.

एवंच राज्यातील समस्त हडळी सभ्य जाहल्या आणि भय समूळ गेले, ऐसे दप्तरी दाखल जाहले. अंबूने वही पानोपान पाहिली, आणि मग खिडकीतून, रस्त्याने चाललेल्या पंतांच्या पायांकडे पुष्कळ वेळ पाहिले, आणि आईचा पदर ओढून पुसती जाहली,

"आई, पंतांचेही पाय सुलटेच आहेत गं. मग आता ओळखायचं कसं?"