मृगेंद्राला विहिरीतून काढणारे उरकुडेजी

कुणाचीही गोष्ट वाचायला घेण्याआधी उरकुडेजी साबणानं हात धुवायचे. सेलूच्या गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे, गायीम्हशींत हात घालून आले असतील. पण रविवारी, अंगावर इस्त्रीचा सदरा असतानाही ते धुवायचेच. मग हात वाऱ्यावर वाळवायचे, वही दोन्ही हातांनी घ्यायचे आणि म्हणायचे, "आणा. पाहू काय झालं ते."

त्यांच्याकडे माझी गोष्ट कशी गेली, ते सांगते.

आणीबाणी उठली त्या सुमाराला मी सेलूला थोरल्या बहिणीकडे राहत होते आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीवर दर महिन्याला गुप्तहेर मृगेंद्राचं पुस्तक यायचं. आम्ही चारपाच जण त्या पुस्तकाचे वेडे होतो. एका महिन्यात खलनायकानं मृगेंद्राला कोरड्या विहिरीत ढकललं, खाली लिहिलं होतं 'पुढील अंकी', आणि पुढचा अंक आलाच नाही. प्रकाशकानं मालिकाच बंद केली होती. मी तीन महिने वाट पाहिली. शेवटी दोन ट्रंक कॉलच्या मधल्या वेळेत रद्दी फॉर्म शिवून वही केली आणि त्यांच्या पाठीवर स्वतःच पुढचा भाग लिहायला बसले.

टपरीवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, "मले काही समजत नाई. उरकुडेजीले दाखवा. सगळे त्यायलेच दाखवतात."

सगळे म्हणजे मुख्यतः एस.टी.तले कंडक्टर देवतळे. त्यांनीही मृगेंद्रावर लिहिलं होतं. त्यांच्या गोष्टीत चाळीस खून होते, तेही जाम गाव ते हिंगणघाट एवढ्याशा अंतरात. दुसऱ्या कुणी वही परत फेकली असती. उरकुडेजींनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "देवतळेजी, मले फक्त येवढंच सांगा. यातला एकोणचाळिसावा माणूस कोण होता? त्याच्या घरी कोणकोण आहे?" देवतळे वही परत घेऊन गेले. महिन्याभरानं त्यांनी नवीन वही आणली, तिच्यात तीनच खून होते आणि तिसऱ्याच्या म्हाताऱ्या आईसाठी टपरीवाला रडला.

हीच त्यांची रीत. ते चांगलंही म्हणायचे नाहीत, वाईटही म्हणायचे नाहीत. कधी एक ओळ खोडली नाही. समासात शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, प्रश्न लिहायचे. माझ्या पहिल्या पानावर होतं, 'मृगेंद्र तीन दिवसांपासून उपाशी आहे. भाकर केव्हा?' पुढे होतं, 'पाऊस बाहेर पडून राह्यला, मग विहिरीत कंदील कोरडा कसा?' आणि शेवटच्या पानावर, 'याले भीती वाटत असन का? वाटली तं चालते.'

हा शेवटचा प्रश्न वाचून मी जुने अंक पुन्हा काढून पाहिले. मूळ पुस्तकांतला मृगेंद्र कधीच घाबरला नव्हता. मी त्याला घाबरवलं आणि गोष्ट एकदम माझी झाली.

नेमकं तेव्हाच घरी भाऊजींच्या हाती वही लागली. पाहुणे बसले होते. भाऊजींनी उभं राहून, आवाज काढून, माझं नववं पान वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. बहीणही हसली. मी वही ट्रंकेत तळाशी टाकली आणि ठरवलं, पुरे झालं.

दोन आठवड्यांनी उरकुडेजी एक्स्चेंजच्या खिडकीशी आले. कॉल लावायला आले असतील असं वाटलं.

"गोष्ट आली नाई," ते म्हणाले.

"बंद केली."

"काऊन?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "कोणत्या पानाले हसले?"

"नवव्या."

"नववं पान गमतीचंच आहे. तिथं मी बी हसलो. मंग पुढचं वाचलं का त्यायनं?"

"नाही."

"म्हणजे मृगेंद्र विहिरीतून निघाला का नाई, त्यायले मालूमच नाई. बिचारे." मग ते म्हणाले, "तुमी थांबल्या तं तो तिथंच राहीन, बाई. त्याले काढणारं दुसरं कोणी नाई."

मी त्याच संध्याकाळी वही बाहेर काढली आणि चार दिवसांत पुढचा भाग लिहून उरकुडेजींना दिला. पुढच्या आठवड्यात भाऊजींची गाय आजारी पडली आणि उरकुडेजी घरी आले. सुई भरता भरता भाऊजींना म्हणाले, "मृगेंद्र निघाला बरं का विहिरीतून. बाईनं सांगतलं असनच." दुसऱ्या दिवशी चहा पिताना भाऊजींनी, वर्तमानपत्रातून डोकं न काढता, मला विचारलं, "कसा निघाला?" मी सांगत गेले. त्यांचा चहा गार झाला.

अशी सात वर्षं गेली. मग माझी बदली नागपूरला झाली. निरोप घ्यायला मी पहिल्यांदाच उरकुडेजींच्या घरी गेले. खाटेवर त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई, बसल्या होत्या. त्यांचे डोळे फार पूर्वीच गेले होते. घरात लेकरू नव्हतं. उरकुडेजींनी हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

"विहीरवाल्या बाई का?" माझं नाव ऐकताच त्या म्हणाल्या. हातानं चाचपत त्यांनी माझं मनगट धरलं. "हे मले रोज वाचून दाखवतात. देवतळेजीचं बी, तुमचं बी. तुमी गेल्या तं आमी काय आयकाव?"

उरकुडेजी खिडकीबाहेर पाहत होते. मी त्यांना कधी कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "जमलं तं पोस्टानं पाठवजा."

मी पाठवत राहिले. लग्न झालं, मुलगी झाली, तरी महिन्याला एक भाग सेलूला जायचा आणि समासात प्रश्न लिहून परत यायचा. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी एकदा वही आली, तिच्यात एकही प्रश्न नव्हता. सोबत पोस्टकार्ड होतं. कौसल्याबाई गेल्याचं एका ओळीत लिहिलं होतं. खाली होतं, 'तुमी बंद करू नका. मी अजून मोठ्यानंच वाचतो.'

त्या महिन्यात मी दोन भाग पाठवले.