एकोणीस नंबरचा डबा

रविवार, संक्रांत होऊन आठवडा झालेला. ठिकाण कोल्हार. हजर: सुमनआत्या, तिचा मुलगा दिलीप, टेम्पोवाले रशीदभाई आणि मी, म्हणजे आत्याची भाची मंगल. गैरहजर: शेजारच्या मेरीबाई साळवे. काम: आत्याचं घर हलवून तिला नागापूरला दिलीपच्या फ्लॅटवर पोचवणं. टेम्पो चारला सुटायचा.

हे मी माझ्या यादीच्या वहीतून उतरवते आहे. या वहीवरून घरात माझी चेष्टा होते; पण कुणाचं घर हलायचं असलं की पहिला फोन मलाच येतो.

आत्याच्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी दुसऱ्यांची होती. प्रत्येकावर नाव कोरलेलं, आणि त्यात आत्याचं नाव शोधावं लागायचं. कुणी डब्यातून काही पाठवलं की तो डबा आत्याकडे महिनोन्महिने राहायचा. तिची स्वतःची पातेली, वाट्या गावभर पसरलेल्या. आतोबा गेल्यापासून हे जास्तच वाढलं, असं दिलीप म्हणायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "भांडं अडकलं की मानूस येतं, मंगल. भांडं सुटलं की कशाला येतंय?"

मी लोकांची भांडी मोजली. एकोणीस. नंबर घातले, एका पोत्यात भरली आणि दिलीपला मोटरसायकलवरून वाटायला पाठवलं. तो तीन देऊन आला तेव्हा आत्याला कळलं.

"काय घालून दिलंस?"

"काही नाही आई, धुऊन दिली."

आत्या बांधलेल्या गादीवर खाली बसली. "रिकामी दिली? लोक म्हनतील सुमन गेली आन् घरात दाना न्हवता. जा, तिन्ही मागारी आन."

आणि साखर कारखान्यात बावीस वर्षं नोकरी केलेला, पन्नाशीतला दिलीप तीन घरी जाऊन दिलेली भांडी परत मागून आला. एका घरात त्याला विचारलं म्हणे, "काही चुकलं का आमचं?"

आता भरायचं कशानं? गॅसची शेगडी काढलेली, पिठाचे डबे टेम्पोत. साडेबारा झाले होते आणि कुणाच्याच पोटात काही नव्हतं. शाळेच्या मैदानावर बचत गटांच्या बायकांचा खाद्यमहोत्सव होता. मी म्हटलं, तासभर सुट्टी घेऊ, जेवून येऊ. आत्या सकाळपासून प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होती, याला लगेच हो म्हणाली. पदर खोचला आणि पोतं रशीदभाईंच्या खांद्यावर दिलं.

मैदानावर चुलींचा धूर, हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास, एका कडेला आगटीत हुरडा भाजणं चाललेलं. रशीदभाई पोतं टेकवून हुरड्यापाशी बसले ते बसलेच. आत्यानं पहिल्याच टेबलावर पितळी डबा ठेवला. "शेंगोळी यात घाल."

"आजी, आम्ही प्लेटीत देतो."

"प्लेटीवर नाव हाय का कुनाचं? यात घाल. वैशालीचा डबा हाय."

गंमत अशी की निम्म्या भांड्यांच्या मालकिणी त्याच मैदानावर होत्या. आत्या एका टेबलावर डबा भरायची आणि दुसऱ्या टेबलामागं उभ्या असलेल्या बाईच्या हातात द्यायची. मी वहीत खूण करत मागं मागं. वैशाली म्हणाली, "अगं बाई, हा डबा मी विसरलेच होते, काकू."

"मी न्हाई इसरले," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "ये बरं का नागापूरला."

"येणार की," वैशाली म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मैदानावर नसलेल्यांची भांडी भरून दिलीपनं मोटरसायकलवरून पोचवली; अठरा भांडी दोन तासांत संपली. आत्यानं एक घास खाल्ला नव्हता. राहिला एक कडीचा स्टीलचा डबा. तो घेऊन ती गुळपोळीच्या टेबलांवरून फिरायला लागली. पोळी हातात घ्यायची, मोडायची आणि ठेवून द्यायची. "मऊ हाय." दुसरीकडे, "ही पन मऊ." चौथ्या टेबलावरची बाई चिडली. "आजी, खायची आहे का मोडायची आहे?"

साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, "आत्या, मऊ तर मऊ. तुझे दात तरी कुठे आहेत?"

"माझ्यासाठी न्हाई. मेरीला कडक लागते."

मी वहीत पाहिलं. नंबर एकोणीस: सौ. मेरी साळवे.

हा डबा दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून तीस वर्षं ये-जा करत होता. इकडून पुरणपोळी, तिकडून केक. इकडून गुळपोळी, तिकडून नाताळच्या करंज्या. रिकामा कधी गेला नाही, म्हणून देणं-घेणं कधी थांबलं नाही. गेल्या वर्षीच्या नाताळात करंज्या घेऊन डबा आत्याकडे आला, आणि संक्रांतीच्या आत मेरीबाई वारल्या.

"पाळी माझी हुती," आत्या म्हणाली.

कडक पोळी शेवटच्या टेबलावर मिळाली. जरा करपलेली म्हणून त्या बाईनं बाजूला काढून ठेवलेली होती. आत्यानं दोन घेतल्या.

टेम्पो साडेचारला सुटला. निघताना आत्या मेरीबाईंच्या दाराशी गेली. कुलूप होतं; मुलगी गुजरातला असते. आत्यानं डबा पायरीवर ठेवला, दोन पावलं आली, परत गेली, उचलून घेतला. रशीदभाईंनी इंजिन बंद केलं. अख्ख्या प्रवासात डबा तिच्या मांडीवर होता.

नागापूरला तिसऱ्या मजल्यावर समोरच्या दारात एक तरुण बाई उभी होती. हसली. मी हळूच म्हटलं, "आत्या, त्यांना देऊया का पोळ्या? ओळख होईल."

"तिला उद्या करून दीन, माझ्या डब्यात. यावर मेरीचं नाव हाय."

मी दर रविवारी जाते. समोरच्या बाईकडे आत्याची दोन पातेली पोचली आहेत, ती तिनं अजून परत केलेली नाहीत. आत्या खुशीत सांगते. गॅसचं पुस्तक बदललं, रेशनकार्ड झालं, चष्मा झाला. यादीतल्या सगळ्या कामांपुढे खूण आहे. मेरीबाईंचा डबा ओट्यावर असतो. परवा उचलून पाहिला तर दोन पोळ्यांपेक्षा जड लागला. झाकण मी उघडलं नाही. एकोणीस नंबरपुढची जागा मोकळी आहे.