न फिरण्याच्या अटीवर

वारा कोणाच्याही मालकीचा नसतो, आणि म्हणूनच त्याला हात लावायचा तर सगळ्यांची परवानगी लागते. हे तत्त्व अजून पुष्कळांच्या गळी उतरलेलं नाही. १९९५ साली सुरतेच्या ठाकोरभाई शेठच्याही ते उतरलं नव्हतं.

ठाकोरभाईंची पांडेसऱ्यात साड्या छापायची मिल होती. त्या वर्षी सुरतेतल्या मिलवाल्यांमध्ये पवनचक्क्यांची साथ आली होती. (आदल्या वर्षीची प्लेगची साथ वेगळी. तिच्यात शहर रिकामं झालं. हिच्यात कोणी गाव सोडलं नाही, फक्त जो तो आभाळाकडे बघून बोलू लागला.) पवनचक्की उभारणाऱ्याला आयकरात भरघोस सूट मिळते, असं शेठना त्यांच्या सी.ए.नं सांगितलं. शेठनी मिलच्या ऑफिसातल्या दिलीप सबनीसला बोलावलं.

"दिलीपभाई, आपणी पण एक पवनचक्की पाहिजे. जागा बघा, मंजूरी आणा."

दिलीप सबनीस हा परवानग्या आणणारा माणूस होता. बॉयलरची परवानगी, गटाराची परवानगी, गणपतीच्या मांडवाची परवानगी, सगळं तोच आणत असे. परवानगी मिळाली की त्याचं काम संपायचं. पुढे त्या बॉयलरचं किंवा गणपतीचं काय झालं, हे पाहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. पण तरुणपणी त्यानं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. पवनचक्कीचं चित्र तो घडी घालून घरी घेऊन गेला. बायकोला, विजयाला, तो म्हणाला, "वाऱ्यावर दिवे लागणार गं!" ती म्हणाली, "आधी आपल्या जिन्यातला बल्ब बदला."

जागा मिळाली ती समुद्राच्या अंगाला, मोरखाडी नावाच्या गावात. तिथे वारा इतका, की पाहुण्याला पाण्याच्याही आधी दगड देत, टोपीवर ठेवायला. वारा मुबलक होता आणि वीज नव्हती. म्हणजे कागदोपत्री होती. खांब होते, तारा होत्या, तारांवर कावळे होते. सरकारी आकडेवारीनुसार गावाचं शंभर टक्के विद्युतीकरण झालं होतं. (कावळ्यांना कधी झटका बसला नाही, ही बाब आकडेवारीत घेतलेली नव्हती.)

याचा सगळ्यात जास्त जाच होत होता लोटू बोरसे आणि त्याची बायको प्रमिलाबाई यांना. दोघं मूळची अमळनेरकडची. लोटूनं सुरतेच्या बमरोलीत बरीच वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवली. खटाखटीनं एक कान गेला, तेव्हा दुसरा वाचवायला तो मोरखाडीत आला आणि त्यानं पिठाची गिरणी टाकली. वीज आलीच तर यायची ती लोक झोपल्यावर. त्यामुळे गिरणीपुढे दिवसभर डबे रांगेत बसत आणि माणसं घरी भात खात. गिऱ्हाईक हळूहळू शेजारच्या गावाला जायला लागलं होतं. आणखी एक वर्ष असंच गेलं तर परत बमरोली, परत लूम, आणि दुसराही कान.

दिलीप जागा बघायला आला, तेव्हा प्रमिलाबाईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, तुमनी चक्की फिरनी, की आमनी चक्की फिरी का?"

"फिरेल ना वहिनी. वीज आधी गावाला, उरलेली पुढे."

"मंग लवकर फिरवा. पीठ नही, ते आम्ही काय वारा खावो?"

परवानगी द्यायचं काम ज्या कक्षाकडे होतं, त्याचे प्रमुख श्रीरंग पुराणिक म्हणून अतिशय विचारी गृहस्थ होते. ते इतका विचार करत, की विचार पूर्ण होण्याआधी पुष्कळसे अर्जदार निवृत्त होत. पुराणिकसाहेबांनी पहिलाच प्रश्न मुळावर घाव घालणारा विचारला: "तिथे वारा आहे, याचा पुरावा?"

दिलीप म्हणाला, "साहेब, आपण प्रत्यक्ष येऊन पाहावं."

"वारा दिसत नसतो, सबनीस." साहेब मृदूपणे म्हणाले.

तेव्हा वारा मोजायचा खांब उभारायचं ठरलं. खांब उभारायला परवानगी हवी. ती देण्यापूर्वी तो वाऱ्यानं पडणार नाही, याची खात्री हवी. त्यासाठी तिथे वारा किती आहे, हे माहीत हवं. ते कळण्यासाठी खांब हवा. हा पेच साहेबांनी मोठ्या कौशल्यानं सोडवला. त्यांनी खांब आडवा ठेवून मोजणी करायला मान्यता दिली. आडव्या खांबानं जमिनीलगत वारा नसल्याचं दाखवलं, त्यामुळे तो उभा केल्यास पडण्याचा धोका नाही हे सिद्ध झालं, आणि उभ्या खांबाची परवानगी मिळाली. अशा गोष्टी करायला बुद्धी लागते. ती आपल्याकडे कमी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अभ्यासावं.

पुढचा प्रश्न वाऱ्याच्या खात्याचा होता. दिवसा तो समुद्राकडून येई, म्हणजे बंदर खात्याचा. रात्री जमिनीवरून येई, म्हणजे महसूल खात्याचा. दोन्हीकडून ना-हरकत दाखले आणावे लागले. संध्याकाळी मधला थोडा वेळ वारा पडतो, त्या वेळेसाठी कोणाचाच दाखला लागला नाही. सरकार किती सुटसुटीत वागू शकतं, याचं हे उदाहरण.

मग मोरखाडीच्या शाळेत जनसुनावणी झाली. शेजारच्या गावचे भगवानभाई उभे राहिले. ते पतंग बनवत. दक्षिण गुजरातेत पतंगवाल्याच्या शब्दाला उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास वकिलाइतकं वजन असतं, आणि सुनावणी नेमकी जानेवारीत होती.

"साहेब," भगवानभाई म्हणाले, "वारा पहिला मोरखाडीत येतो, पछी आमच्या गावात. यांच्या चक्कीनं त्यातला जोर काढून घेतला, तर आमच्याकडे काय येणार? वापरलेला वारा! त्याच्यावर पतंग चढेल?"

सभा गंभीर झाली. पुराणिकसाहेबांनी डोळे मिटले. हा मुद्दा कोणाच्याही लक्षात आला नव्हता.

प्रमिलाबाई मागून उठली. "सायेब, मी एक इचारू? वारा काय झिजस का? मना लुगडाले वाळत घालाना येळले तोच वारा लागस, मंग त्यानावरच पतंग उडस. आजलोंग कोन्ही तक्रार करी नही."

"बाई," साहेब म्हणाले, "लुगड्यानं वापरलेल्या वाऱ्याबद्दल स्वतंत्र चौकशी करता येईल. आज तो विषय नाही."

ती खाली बसली. लोटूनं तिला विचारलं, "काय म्हने?" ती त्याच्या चांगल्या कानात म्हणाली, "मना लुगडानी बी चौकशी शे."

शेवटी शेठकडून हमीपत्र घेण्यात आलं: 'चक्कीत शिरलेला वारा वापरानंतर मूळ दिशेनं, मूळ स्थितीत व विनाविलंब परत करण्यात येईल.' तरीही भगवानभाईंचं समाधान होईना. तेव्हा साहेबांनी निर्णय दिला, आणि तो असा होता की सगळेच खूश झाले. पवनचक्की उभारायला परवानगी. मात्र तिचं वर्गीकरण 'स्थिर बांधकाम'. स्थिर बांधकाम फिरलं तर तो वापरातला बदल ठरतो, त्यासाठी वेगळा अर्ज. तोवर पाती फिरणार नाहीत, अशी व्यवस्था अर्जदारानं स्वखर्चानं करावी.

दिलीप पडलेल्या चेहऱ्यानं शेठकडे गेला. शेठनी त्याला मिठी मारली.

"पण शेठ, ती फिरणार नाही."

"फरे के ना फरे, दिलीपभाई, उभी तर राहिली! आयकरातली सूट उभं राहायची आहे. फिरायची नाही." शेठनी पेढे मागवले. दिलीपनं पेढा हातात धरला आणि तसाच खिशात ठेवला. विजयानं रात्री शर्ट धुवायला घेतला, तेव्हा तिनं खिसा उलटा केला.

पवनचक्की उभी राहिली. उद्घाटन झालं. तारा जोडून झाल्या (उद्घाटनाच्या फोटोत तारा दिसाव्या लागतात). ऐन वेळी पाती बांधायला दोर कमी पडला, तेव्हा दिलीपनं प्रमिलाबाईकडून तिचा कपडे वाळत घालायचा दोर मागून नेला. पवनचक्की बांधून टाकलेल्या म्हशीसारखी उभी राहिली. लांबून लोक बघायला येत. फिरत नसल्यामुळे बघणं सोपं जाई.

फाल्गुनात एके सकाळी प्रमिलाबाई चक्कीपाशी गेली आणि आपला दोर सोडून घेऊन आली. पुढे चौकशीत तिनं सांगितलं ते एवढंच: "दोर मना शे. कपडा कोठे वाळत घालू?" यावर कायद्यानं बोट ठेवायला जागा नव्हती.

पाती हलली. मग फिरली. खांबांवरचे कावळे एकदम उडाले. लोटूच्या गिरणीचा पट्टा सरकायला लागला, आणि भर दिवसा, गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, पीठ पडायला लागलं. लोक डबे घेऊन धावले. लोटू दोन्ही कानांना हात लावून नाचला. निरोप मिळताच दिलीप मोटारसायकलनं आला, चक्कीखाली उभा राहिला आणि मान वर करून इतका वेळ बघत राहिला, की प्रमिलाबाईनं त्याला बसायला पोतं दिलं. आपण आणलेली परवानगी फिरताना तो पहिल्यांदाच पाहत होता. फिरायची परवानगी नव्हती, पण तिचं नाव त्या दिवशी त्यानं काढलं नाही.

गावाला काही दिवस ताजी भाकर मिळाली. भगवानभाईंचे पतंगही उडाले. त्यांनी हे लेखी दिलं. मग पुराणिकसाहेब आले. त्यांची टोपी उडाली, सोबतचे कागद उडाले, आणि कागद गोळा झाल्यावर साहेबांनी 'विनापरवाना भ्रमण' असा शेरा मारला. पण ते निर्दय नव्हते. फिरणं नियमित करायचा मार्ग त्यांनी स्वतःच दाखवला. जाहीर सूचना द्यायची, आणि एका तरी नागरिकानं पाठिंबा कळवायचा. मोरखाडीचे लोक चालणार नाहीत, कारण त्यांना वीज हवी आहे, म्हणजे ते निःपक्षपाती नाहीत. दिलीप नोकर आणि भगवानभाई मूळचे हरकतदार, तेही चालणार नाहीत. न सांगता, आपणहून लिहिणारा कोणीही तिऱ्हाईत चालेल. साधं पोस्टकार्ड पुरेल.

सूचना वर्तमानपत्रात आली. सुरतेतल्या मराठी वाचकांची संख्या ध्यानात घेऊन मराठीतही आली. दिलीप महिनाभर रोज कक्षात जाऊन टपाल विचारत होता.

एकही पोस्टकार्ड आलं नाही. पाती पुन्हा बांधली, या वेळी साखळीनं. दिवाळीच्या आत लोटूनं गिरणी विकली आणि दोघं बमरोलीला परतली. आता प्रमिलाबाईला त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि बऱ्याचदा ती बोलतच नाही.

ती सूचना आपणही पाहिली असणार. राशिभविष्याच्या अगदी खाली होती. त्या दिवशी आपल्या राशीला 'नसत्या भानगडीत पडू नये' असं लिहिलं होतं. आपण ते वाचलंत, पेपरची घडी घातलीत आणि तिच्यावर नाश्त्याच्या लोचोची डिश ठेवलीत. पुराणिकसाहेबांनी आपल्या अंतिम अहवालात आपले मनापासून आभार मानले आहेत: 'नागरिकांच्या पूर्ण सहकार्यामुळेच हे प्रकरण निकाली काढता आले.'