टोकापर्यंत स्वस्तात

आमच्या घराण्यात पूर्ण तिकीट काढून आजवर कुणी कुठे गेलेलं नाही. आजोबांनी तरुणपणी एकदा काढलं होतं, पण ते चुकून. आणि त्याची रुखरुख त्यांना शेवटपर्यंत लागून राहिली. त्यामुळे आमचं हे लांबलचक द्वीपकल्प वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, एकाच दिशेने, कमीत कमी खर्चात कसं पार करावं, या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नसावा. व्यवसायाने मी चष्मेवाला आहे. लोकांना बारीक अक्षर वाचता यावं म्हणून मी दुकान चालवतो. करारावर सही करताना याचा उपयोग होईल असं मला वाटलं होतं, पण झाला नाही.

परिस्थिती साधी होती. आई मावशीकडे, म्हणजे खालच्या टोकाला, आठवडाभरासाठी म्हणून गेली ती वर्ष होत आलं तरी परतली नव्हती. फोनवर दरवेळी "हवा चांगली आहे" एवढंच सांगायची. बहिणी-बहिणी रमल्या असतील, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला. पण मग बायकोला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोमवारी सकाळच्या पाळीला रुजू व्हायचं होतं. पहिलीतल्या मुलीला उठवून, न्हाऊ-माखू घालून, वेण्या घालून शाळेत कोण पाठवणार, असा प्रश्न उभा राहिला. मी पाठवेन, असं मी सुचवून पाहिलं. बायकोने माझ्याकडे आणि मुलीने बायकोकडे पाहिलं.

"अहो, ते राहू द्या," बायको म्हणाली. "तुम्ही रविवारपर्यंत आईंना घेऊन या. तेवढं केलंत तरी खूप झालं."

मी आईला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"ये की," आई म्हणाली. "मी तर कधीची तयार आहे. पण बसने येऊ नकोस हं. उगाच पैसे घालवशील. महामंडळाची योजना आहे, त्यातून ये. मीही तशीच आले. आणि कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर माझं नाव सांग."

आईचा शब्द आमच्याकडे प्रवासाच्या बाबतीत शेवटचा. तिने उभं आयुष्य मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या शिव्या खाऊन गाडी शिकली आहेत, त्यांत मीही आलो.

वाहन संतुलन महामंडळाची ही योजना खरोखर विचारपूर्वक आखलेली आहे. खालच्या टोकाला काही प्रवासी परतीच्या वाहनाअभावी खोळंबून असतात. त्यांच्यासाठी वरून गाड्या पाठवाव्या लागतात. गाडी पाठवायची तर चालक हवा आणि पगारी चालक महामंडळाला परवडत नाही. म्हणून खाली जाणाऱ्या प्रवाशालाच नाममात्र भाड्यात गाडी द्यायची आणि चालकाचं काम त्याच्याकडूनच करून घ्यायचं. गाडी खाली पोचते, खोळंबलेला माणूस ती घेऊन वर येतो. महामंडळाचा पैसा वाचतो, प्रवाशाचाही वाचतो. मी खिडकीपाशी उभा राहून हे ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. आपल्या देशात कुणीतरी डोकं चालवतंय, असं वाटलं.

"ही योजना कुणी सांगितली?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"आईने."

"वा! आईसारखं भलं कुणी चिंतत नाही," तो म्हणाला आणि त्याने काहीतरी नोंदवलं.

नियम मोजकेच होते. गाडीत चालकाखेरीज कुणालाही बसवता येणार नाही, कारण दुसरा माणूस बसताच ते प्रवासी वाहन ठरतं आणि त्याचा परवाना वेगळा. मोकळ्या आसनांवर सामानही ठेवायचं नाही. आसनांचा रिकामेपणा हा वाहनाचाच भाग असून तो जसा दिला तसा परत करावा, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं. मी बॅग मांडीवर घेतली आणि निघालो.

वाटेत नेहमीची बस मला मागे टाकून गेली. अर्धी रिकामी होती. आतली माणसं पाय पसरून झोपली होती. मला त्यांची कीव आली. पुढे नेमून दिलेल्या तपासणी नाक्यावर, माझ्या मागच्या आसनाचा रिकामेपणा तपासला जात असताना, तीच बस पलीकडून परत वर जाताना दिसली. तीही अर्धी रिकामीच होती.

खालच्या टोकाला पोचलो ते रविवारी सकाळी. महामंडळाचं कार्यालय समुद्राच्या अगदी काठावर आहे. त्याच्यापुढे रस्ताच नाही. आत मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पाण्याचं यंत्र, भिंतीवर सूचनाफलक. हॉल माणसांनी गच्च भरला होता. कुणी भाजी निवडत होतं, कुणी मुलांचा अभ्यास घेत होतं. कोपऱ्यात एकाने दाढी-कटिंगची खुर्चीच मांडली होती. पुढच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन, पायात प्रवासाचे बूट घालून आई बसली होती.

मी पुढे होऊन तिच्या पाया पडणार, तेवढ्यात खिडकीवरच्या बाईंनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि आईला दिली.

"शिफारशीतली गाडी आली. या तुम्ही."

"अगं, थांब. मी तुला न्यायला आलोय," मी म्हणालो.

"हो रे. आलास ना? मग झालं तर."

"आपण दोघं बरोबर जायचं ना!"

"चालकाखेरीज कुणाला बसवता येत नाही," आई आणि बाई एकदमच म्हणाल्या.

मग बाईंनी मला शांतपणे समजावलं. एक गाडी आली की एक माणूस जातो. गाडी घेऊन आलेला माणूस रांगेत शेवटी बसतो. रांग वाढत नाही, हे योजनेचं यश आहे. ती कमी का होत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, असा प्रश्न आजवर वरिष्ठ कार्यालयाकडून आलेला नाही. मात्र रांगेतल्या कुणी नवा चालक मिळवून दिला, तर त्याने आणलेली गाडी शिफारस करणाऱ्याला मिळते. हे करारात होतं. बारीक अक्षरात होतं.

मी आईच्या मागे धावत बाहेर आलो. ती सीट पुढे ओढून आरसा नीट करत होती.

"आई, निदान सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर आला असतास?" ती म्हणाली. "हे बघ, सूनबाई उद्या कामावर जाणार. तू घरी असतास तर काय केलं असतंस? पोरीच्या वेण्या घालता येतात तुला? मावशीकडे तुझी गादी घालून ठेवलीय. तिचं गुडघ्याचं औषध वेळेवर दे." तिने गाडी सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "क्लच पार घासून आणलास रे. इतकं शिकवलं, सगळं फुकट गेलं."

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. आवाजात मी बऱ्याच वर्षांत न ऐकलेला आनंद होता.

"आई आल्या! अहो, सगळं कसं जागच्या जागी झालं. तुम्ही अगदी सावकाश या."

आता मी हॉलमधला जुना माणूस झालो आहे. इथे माणसं मात्र लाख मोलाची आहेत. एक नवविवाहित जोडपं होतं. एका गाडीत दोघांना बसता येत नाही म्हणून दोघं दोन गाड्यांतून फिरायला आले. आधी नवऱ्याचा नंबर लागला. तो वर गेला आणि बायकोच्या ओढीने पुन्हा गाडी घेऊन तिला न्यायला निघाला. त्याच दिवशी तिचा नंबर लागला. वाटेत दोघांनी एकमेकांना हात केला, असं म्हणतात. सध्या तो इथे आहे आणि ती त्याला न्यायला येणार आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते प्रतीक्षार्थी संघाचे अध्यक्ष. त्यांची पाळी येऊन गेली, पण कार्यकाळ संपायचा होता म्हणून त्यांनी गाडी नाकारली. संघाची मुख्य मागणी पाण्याचं यंत्र दुरुस्त करावं, ही आहे.

आणि हो, बस. ती रोज सकाळी कार्यालयाच्या दारातच लागते. ड्रायव्हर खाली उतरून ओरडतो, "चला, जागा आहे! बसायला जागा आहे!" तेव्हा हॉलमधली माणसं सूचनाफलक वाचू लागतात. मागे एक शिक्षिका उठली, सरळ पूर्ण तिकीट काढून बसमध्ये बसली आणि घरी गेली. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी नीट जेवलं नाही. तिचा विषय आम्ही काढत नाही.

खोटं कशाला सांगू, एकदा माझाही तोल गेला होता. मुलीचा फोन आला.

"बाबा, माझा पुढचा दात पडला. तुम्ही बघायला कधी येणार?"

"लवकरच येणार, बाळा."

"आजी म्हणते, बस असते. मग बसने का नाही येत?"

मी उठलो, खिशात हात घातला आणि थेट बसच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. एक पाय आत होता. ड्रायव्हरने खिडकीजवळची जागाही दाखवली. तेवढ्यात मुख्याध्यापक धावत आले आणि त्यांनी माझा दंड धरला.

"अहो, काय करताय? आता पूर्ण पैसे मोजलेत, तर इतके दिवस थांबलात ते सगळं पाण्यात!"

मी विचार केला. माणसाचं बोलणं हिशोबाला धरून होतं. मी पाय खाली घेतला. बस गेली. मुलीला आता नवा दात आला आहे, असं कळतं.

तेव्हापासून मी शिफारशीच्या मागे लागलो आहे. मेव्हण्याला सांगून पाहिलं, त्याने फोन उचलणं बंद केलं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांनाही विचारलं, पण त्यांना नेमकं हेच लांबून दिसलं. शेवटी वाचकांना शरण यावं असं ठरवून हा लेख लिहायला घेतला.

वाचक सुज्ञ असतो, हे मला मान्य आहे. हॉलमधली माणसं वेडी आहेत, बस समोर असताना असं कुणी बसून राहतं का, असं म्हणून तुम्ही आतापर्यंत दोन-तीनदा हसलाही असाल. माझी हरकत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बसचं भाडं किती आणि योजनेचं किती, हे मी या लेखात मुद्दामच कुठे लिहिलेलं नाही. इथपर्यंत येताना "पण नेमके वाचतात तरी किती?" असं एकदा जरी तुमच्या मनात येऊन गेलं असेल, तर ही योजना तुमच्यासाठीच आहे.

या. हवा चांगली आहे. खिडकीवर विचारलं, तर टोकाच्या चष्मेवाल्याने सांगितलं म्हणा, एवढं पुरतं. आणि क्लच जरा जपून वापरा. पुढे ती गाडी मला चालवायची आहे.