'हिट' कुठून आला

सिंदेवाहीच्या शाळेत भैयाजी सर एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. तेवढ्या काळात एकाही पोरानं 'हा शब्द आला कुठून?' असं त्यांना विचारलं नव्हतं. नव्या चंचल मॅडमना मात्र आठवडाभरातच विचारलं. त्यांनी सांगितलंही, की 'हिट' म्हणजे मारणे, पण तो उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथं त्याचा अर्थ होता भेटणे, गाठणे. पोरं खूश! एकमेकांना टपल्या मारत ओरडू लागली, "मारलो नाई बे, भेटलो!"

मुख्याध्यापिका सरिताबाईंनी जेवणाच्या सुट्टीत मॅडमचं कौतुक केलं. भैयाजींनी डबा बाजूला सारला.

"काहीच्या काही! 'हिट' आपल्या 'हात'वरून आला. हातानं मारते, म्हणून हिट."

"कुठी वाचलं सर तुम्ही?" चंचलनं विचारलं.

"वाचाले काऊन पायजे? अनुभव हाये!"

सरिताबाई भारावल्या. "मंग दारातल्या फळ्यावर लिहा ना भाऊ. उद्या साहेब येऊन राह्यले तपासणीले."

भैयाजींनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, खाली स्वतःचं नाव टाकलं. घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. कमळाबाईंनी ऐकून घेतलं आणि जाडजूड शब्दकोश त्यांच्या पुढ्यात ठेवला. भैयाजींनी पान उघडलं. चंचलचंच बरोबर होतं.

सकाळी ते फळा पुसायला धावत गेले, तर साहेब फळ्यासमोरच उभे. "हे भैयाजी कोण?"

शेजारी उभ्या चंचलनं तोंड उघडलं. आता ही चूक दाखवणार आणि पुन्हा हिचंच कौतुक होणार! भैयाजींना ते सहन होईना.

"मीच, साहेब! ते चूक हाये. मुद्दाम लिहिलं. पोट्टे डोळे मिटून मानते का, ते पाहून राह्यलो होतो."

"वा!" साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "असं डोकं पायजे. सगळ्या तालुक्यात सुरू करू!"

"साहेब, खरा अर्थ मी सांगितला होता," चंचल घाईनं म्हणाली.

"मॅडम, खरा अर्थ मोबाईलवरबी सापडते. असं चुकाले हुशारी लागते."



दुसऱ्या दिवशी फळ्यावर चंचल मॅडमच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'पंच म्हणजे ठोसा. पाच बोटांची मूठ, म्हणून पंच.' भोवती पोरांची गर्दी उसळली होती.

भैयाजींनी दोनदा वाचलं. चूक त्यांच्या चुकीपेक्षा सरस होती.