स्थिर चल आणि साळूबाईची काळजी

मुलांनो, एका जंगलात अजून वीज पोचली नव्हती, पण प्रोग्रामिंगचे क्लास पोचले होते. तिथे साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. साळिंदरं दिवसा झोपतात. हिला दिवसाही झोप नव्हती. सगळ्यांची पिल्लं पुढे गेली आणि आपली टोकी मागे राहिली तर? कूस बदलली की काटे टोचायचे. तेही स्वतःचेच.

गजगुरुजींच्या वर्गात एकच जागा उरली होती. त्यासाठी प्रश्नमंजुषा ठेवली. शेवटी दोघीच उरल्या, टोकी आणि माकडांची झिपरी.

गुरुजींनी विचारलं, "प्रोग्राममधल्या एका कामात एक स्थिर चल, म्हणजे स्टॅटिक व्हेरिएबल, आहे. सुरुवातीला त्यात शून्य. काम केलं की त्यात एक मिळवायचा. काम तीनदा केलं. आता त्यात किती?"

"एक," झिपरी म्हणाली. "दरवेळी पहिल्यापासून सुरू."

"तीन," टोकी म्हणाली.

परीक्षक कासवआजोबांनी मान बाहेर काढली. "स्थिर म्हणजे स्थिर. शून्यच. माझ्याकडे बघा."

"अहो आजोबा, पण पुढे चल आहे ना," झिपरीची आई म्हणाली. "एक तर बसा, नाहीतर चला. बसून कसं पळायचं?"

गुरुजींनी उत्तरसूची काढली. ती वाळवीने खाल्ली होती. शेवटी ते म्हणाले, "आपण मतदान घेऊ."

साळूबाईचे काटे उभे राहिले. शेजारचा ससा दोन हात सरकला. साळूबाईने लेकीला विचारलं, "टोके, घाबरली नाहीस ना? पाणी प्यायलीस ना? बरं, घाबरली नाहीस ना?"

टोकीने आईकडे पाहिलं. "गुरुजी, स्थिर चल म्हणजे आमच्या आईची काळजी."

"म्हणजे गं?"

"मी शिंकले की काळजी एक. पुन्हा शिंकले तर ती पहिल्यापासून काळजी करत नाही. आधीची असतेच, वर आणखी एक. तिसऱ्या शिंकेला तीन, आणि वैद्य. स्थिर म्हणजे न बदलणारी नव्हे. न पुसली जाणारी."

प्रत्येकाला आपापली आई आठवली.

"आमच्या मातोश्रींची हजारावर गेली होती," गुरुजी हळूच म्हणाले आणि जागा टोकीला दिली.

तात्पर्य: आईने शांत राहावं असं पुस्तकं सांगतात. शांत आईच्या मुलीला ही जागा मिळाली नसती. तेव्हा आयांनो, खुशाल काळजी करा. शेवटी ती अभ्यासक्रमात येते.

हे मी माझ्या लेकीला तोऱ्यात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण टोकीला त्या वर्गात जायचं होतं का? ते कुणी विचारलंच नाही."