किरिबासचे मोकलकाका

आमच्या घरातली ट्यूबलाइट बदलायला शेजारचे मोकलकाका शिडीवर चढले आणि खड्या आवाजात गायला लागले. भाषा मराठी नव्हती, हिंदी नव्हती, समोरच्या टॅन आंटींची चिनीही नव्हती. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या त्या ब्लॉकमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझा नवरा समीर शिडी धरून उभा होता. त्याने ती आणखी घट्ट धरली.

काकांनी खाली उतरल्यावर खुलासा केला. "किरिबासला नीरा काढायला माडावर चढलेला माणूस गातो. खालच्यांना कळायला नको, वर कोणीतरी आहे म्हणून?"

किरिबास हा पॅसिफिक महासागरातला एक देश. नकाशावर त्याचं नाव 'किरिबाटी' असं वाचावंसं वाटतं, आणि कोणी तसं वाचलं की काका हातातला चहा बाजूला ठेवायचे. तिकडे टी आणि आय एकत्र आले की 'स' होतो, हे आमच्या ब्लॉकमधल्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी सांगितलेलं होतं. स्वतः काका रेवदंड्याचे. सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली. काकू गेल्या, मुलगा कॅनडात स्थायिक झाला, काका इथेच राहिले.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाने एकदा त्यांना पाच मिनिटं बोलायला सांगितलं. काकांनी फराळाच्या टेबलावरचे बटाट्याचे वेफर्स उचलले आणि निळ्या टेबलक्लॉथवर लांब लांब मांडत गेले. हे वेफर म्हणजे बेटं, बाकी सगळा समुद्र. विषुववृत्ताच्या वर थोडी, खाली थोडी. डोंगर नाही, नदी नाही; पोवळ्याची अरुंद पट्टी, एका हाताला खाडीसारखं शांत पाणी, दुसऱ्या हाताला खवळलेला दर्या. भरती मोठी आली की पाणी थेट विहिरीत शिरतं. तरी माणसं हसतात, नाचतात, आणि नाचताना हात असे पसरतात की समुद्रपक्षीच वाटावेत. काकांनी हात पसरून दाखवले, तेव्हा खजिनदारांचा चष्मा पडला. भाषण संपेपर्यंत वेफर्सना हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

"काका, so small lah," माझी सात वर्षांची रेवा म्हणाली.

"जमीन लहान आहे गं," काका म्हणाले, "देश लहान नाही."

बाकी 'तिकडे असं नसतं' हे त्यांचं पालुपद. लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये डोकं घालून उभे असले, की तिकडे असं नसतं. पाहुण्याला फोन करून यावं लागलं, की तिकडे असं नसतं. समोरून काका येताना दिसले की काही जण जिन्याने जायचे.

रेवाच्या पाठीवर मला दिवस गेले, आठवा महिना लागला, आणि कराडहून फोन आला. बाबा गेले होते. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. मला भाऊ नाही, म्हणून समीर गेला. मी आणि रेवा घरी राहिलो. मला रडूही येत नव्हतं. इथे माझ्या बाबांना पाहिलेलं एकही माणूस नव्हतं, रडायचं कोणाजवळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकलकाका आले. किरिबासचं नाव त्यांनी काढलं नाही. बाबांचं नाव विचारलं, काय करायचे ते विचारलं, आणि म्हणाले, चप्पल घाल, खाली ये.

आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा आहे. लग्नाचा मांडव तिथेच पडतो, मयताच्या खुर्च्याही तिथेच मांडतात. काकांनी चटया अंथरल्या होत्या. टॅन आंटी होत्या, चौथ्या मजल्यावरचं मलय जोडपं होतं, यिशुन भागातून मंडळाच्या दोन बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. जिन्याने पळणारेही होते. सगळे नुसते बसले होते.

"आता बाबांविषयी सांग," काका म्हणाले. "घाई नाही."

मी सांगायला लागले. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, पण घरून मंडईत जाताना हमखास रस्ता चुकायचे. काका माझं बोलणं इंग्रजीत सांगत होते. मंडईच्या गोष्टीला टॅन आंटी हसल्या आणि मला एकदम रडू फुटलं. त्यांनी माझा हात धरला तो जेवणं होईपर्यंत सोडला नाही. समीर परत येईपर्यंत रोज कोणी ना कोणी येऊन बसत राहिलं.

बाळ झालं, महिन्याभराचं झालं. एका दुपारी काका त्याला मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्ही किरिबासला गेला होतात कशाला?"

 हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं, ते म्हणाले. तरुणपणी जहाजावर तापाने फणफणले, तेव्हा कप्तानाने त्यांना तारावा बेटावर उतरवलं. तेबानो नावाचा त्यांच्या जहाजावरचा खलाशी तिथला; त्याच्या आईने त्यांना घरी ठेवून घेतलं. ताप उतरत होता आणि रेवदंड्याहून निरोप आला, आई गेली. विमान लवकर मिळणार नव्हतं. तेबानोच्या आईने गावाला सांगितलं. गावाचं मोठं सभागृह असतं, नुसतं छप्पर, भिंती नाहीत. अख्खं गाव तिथे येऊन बसलं, कधी न पाहिलेल्या बाईसाठी. गायले, रडले. मग काकांना म्हणाले, तुझ्या आईविषयी सांग.

"काय सांगितलंत?"

"काहीच नाही गं. तोंडातून शब्द फुटेना. ते तरीही बसून राहिले." काकांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. "तेव्हापासून मी आपला त्या देशाविषयीच बोलतो. तेवढं जमतं."

मी चहाचे कप बाजूला सारले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"मग आता सांगा. घाई नाही."

वेफर्स मांडून तासभर बोलणारा तो माणूस बाळाला थोपटू लागला. मग हळूच म्हणाला, "तिचं नाव द्वारका. सगळा जन्म समुद्राकाठी गेला, पण पाण्याला फार भ्यायची..."

रेवा शाळेतून आली तेव्हाही ते सांगतच होते. तिने दप्तर ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली.